एकाच पाण्याच्या दोन बाटल्या

१

शुक्रवारी पहाटे रघुनाथ मंदिराचं दार उघडलं तेव्हा कल्याणीत पाणी दिसतच नव्हतं. दिसत होती नुसती पोटं. पांढरी, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या चुरमुरे टाकून पोसलेले मासे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तोंडं वासून मेले होते. देवळाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कुंडाला इकडे कल्याणी म्हणतात. नाव मोठं मंगल, पण त्या सकाळी नाकाला पदर लावल्याशिवाय कुणाला तिच्याकडे बघवेना.

आधी गर्दी जमली. मग पाण्यात विष आहे असं ठरलं. मग ते कुणी टाकलं हेही ठरलं. आपल्याकडे एवढा क्रम तरी पाळतात.

संताजी हा कल्याणीचा राखणदार. देवळामागच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको कौशल्या राहत. देवस्थानला तिथे लग्नाचं कार्यालय बांधायचं होतं, म्हणून महिन्यापूर्वी त्याला खोली रिकामी करायला सांगितलं होतं. तेव्हा राग असणारच, असं लोकांनी त्याच्या वतीनं मानून घेतलं. खोलीत ढेकणांच्या औषधाची रिकामी बाटली सापडली आणि मग कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. पाचसहा जणांनी त्याला त्याच पायऱ्यांवर तुडवलं. पोलीस आले तेव्हा तो उठू शकत नव्हता, म्हणून अटक करून इस्पितळात टाकला आणि त्याचा एक पाय साखळीनं खाटेला बांधला.

मंगळवारी कौशल्या हेमक्कांच्या दारात उभी राहिली.

हेमावतीबाई शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. लग्नाच्या पंगतीतही ग्लासातलं पाणी आधी उजेडात धरून बघायच्या, मग प्यायच्या, म्हणून वाढपी त्यांना जरा टरकूनच असत. सगळी आळी त्यांना हेमक्का म्हणे.

कौशल्या आत यायला तयार नव्हती. उंबऱ्याबाहेरच बसून तिनं घडलं ते सांगितलं. डॉक्टरांनी बरगड्यांचं सांगितलं होतं, आत कुठेतरी रक्त साचतंय हेही सांगितलं होतं, आणि पुढचं सांगायचं टाळलं होतं.

“तो सुटून घरी येईल असं मी म्हणत नाही अक्का,” ती म्हणाली. “मला कळतंय सगळं. फक्त त्याच्या पायातली साखळी काढून द्या. साखळीत मेला तर वर गेल्यावरपण लोक विचारतील, काय करून आलास म्हणून.”

हेमक्कांनी ढेकणांच्या औषधाचं विचारलं. ते ढेकणांवरच संपलं होतं, कौशल्या म्हणाली, आणि ढेकूण तेवढे अजून होते.

“मग विषच आहे असं एवढ्या खात्रीनं म्हणालं कोण?”

म्हणाला होता विद्याधर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, देवस्थानचे अध्यक्ष अप्पासाहेब यांचा पुतण्या. त्याच सकाळी त्यानं पाणी तपासलं होतं आणि सगळ्यांसमक्ष जाहीर केलं होतं की पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे पाच मिलिग्रॅम, म्हणजे माशांना पुरून उरेल इतका आहे. तेव्हा मासे गुदमरून मेलेले नाहीत. उरलं काय, तर विष.

हेमक्कांना ते पटेना. प्राणवायू पुरेसा, आणि मासे तोंडं वासून मेले. भरल्या पानावर बसून माणूस उपाशी मेला म्हणण्यासारखंच होतं हे.

२

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि देवळात गेल्या.

मेलेले मासे केव्हाच गाडीतून गेले होते. शांतीचे होम चालू होते. सभामंडपात रामनवमीच्या तुलाभाराचा मोठा तराजू अजून टांगलेला होता. त्याच्या मागे कोठीचं दार, धुऊन लख्ख केलेलं, कुलूपबंद. उंबऱ्याच्या फटीतून मुंग्यांची रांग तेवढी जात-येत होती. हेमक्का वरच्या पायरीवर टेकल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. पाण्याला कुजका वास होताच, पण त्याच्याखाली दुसरा एक होता, आंबूस, ताकाच्या शिळ्या मडक्यासारखा. खालच्या पायऱ्यांना करड्या कापसासारखं काहीतरी लोंबत होतं. पलीकडच्या कट्ट्यावर दोन कासवं उन्हाला पडली होती. आणि कोपऱ्यात, बघता बघता पाणी हललं. एक लांबोडकी काळी मरळ वर आली, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घेतला आणि खाली गेली.

“काय हेमक्का, माशांच्या तेराव्याला आला काय?” मागून कुणीतरी म्हणालं.

तो मोहनकुमार होता, कार्यालय बांधायचं कंत्राट घेतलेला. जाड, हसरा, घामेजलेला. संताजीच्या खालोखाल लोक त्याचंच नाव घेत होते. कल्याणी मेली तर बुजवून तिथेच मोटारी लावायला जागा करील म्हणून. हेमक्कांनी आडपडदा न ठेवता तेच विचारलं.

त्याला राग आला नाही. त्यानं बंगळूरमधली बुजवलेली तळी बोटांवर मोजून दाखवली आणि सांगितलं की तळं मारायला कुणी विष घेत नाही. रस्त्याच्या कामाची माती रात्री दोन गाड्या, पुन्हा दोन गाड्या, वर्षभरात क्रिकेटचं मैदान तयार. “शिवाय माझ्या नकाशात ही कल्याणी कार्यालयाच्या दारात आहे. नवरानवरीचे फोटो इथे काढायचे. आता या वासात कोण फोटो काढील? माझंच नुकसान, अक्का.”

हे ऐकून हेमक्कांना तो जास्तच प्रामाणिक वाटला. स्वार्थी माणसाचं एक बरं असतं, त्याचा हिशोब उघडा असतो.

विद्याधर कॉलेजातून आला तो आधीच फुगलेला होता. आपल्या आकड्यावर कुणी शंका घेतंय हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं सगळी कृती घडाघडा सांगितली. काचेच्या बुचाची बाटली, आधी मँगनीजचं द्रावण, मग आयोडाइड घातलेला क्षार, तपकिरी साका, त्यावर आम्ल, मग हायपोचे थेंब मोजणं, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. द्रावणं ताजी होती. ब्युरेट धुतलेली होती. विद्यार्थ्यांकडून नव्हे, स्वतः केलं होतं.

“कृतीत चूक नाहीच तुझी,” हेमक्का म्हणाल्या. “पाणी कसं भरलंस?”

तो थांबला. एवढ्या बोलण्यात पहिल्यांदा थांबला.

“पाणी मी नाही भरलं,” तो म्हणाला.

३

गुरुवारी सकाळी कल्याणीवर चौघं जमले. हेमक्का, विद्याधर, पुजारी वेणुगोपालाचार, आणि हेमक्कांनी विनवण्या करून आणलेले ठाण्याचे इन्स्पेक्टर. ते सतत घड्याळ बघत होते.

हेमक्कांनी आचारांना नमस्कार केला आणि त्या शुक्रवारी जसं पाणी काढलं तसंच पुन्हा काढायची विनंती केली. आचार भला माणूस. ओलेतं नेसलेले, अंगात मडी, म्हणजे आपण सोवळं म्हणतो ते. शुक्रवारी लगेच शांतीचा संकल्प सोडला होता, त्यामुळे कातडी पट्टा लावलेल्या विद्याधरला त्यांनी पाण्यापर्यंत उतरूच दिलं नव्हतं, बाटलीलाही शिवले नव्हते.

आता ते पायऱ्या उतरले. तांब्याचा कलश बुडवून भरला, वर आले. विद्याधर तीन पायऱ्या खाली बाटली धरून उभा राहिला आणि आचारांनी, स्पर्श होऊ नये म्हणून, हात उंच करून वरून धार धरली. पाणी सुरेख आवाज करत, फेसाळत बाटलीत पडलं. जन्मभर पाणी असंच घेतलेल्या आणि असंच दिलेल्या माणसांना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नसतं.

हेमक्कांनी ती बाटली बाजूला ठेवली. आपल्या पिशवीतून त्यांनी एक जड डबा काढला. त्याच्या पोटात दुसरी तशीच बाटली बसवलेली, आणि झाकणातून एक नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत गेलेली. डबा दोरीनं अलगद पाण्याखाली सोडला. पाणी नळीतून तळाशी शिरलं, बाटली आतल्या आत भरली, भरून वाहिली, वरचं पहिलं पाणी निघून गेलं. वर काढून त्यांनी बूच बसवलं. एकही बुडबुडा नव्हता. दोरी सोडणाऱ्या बाईला मडीची गरज नाही, हे आचारांनीही मान्य केलं.

दोन्ही बाटल्यांत त्यांनी तीच दोन द्रावणं तळाशी सोडली, बुचं लावली आणि बाटल्या उलटसुलट केल्या.

आचारांच्या बाटलीत साका धरला तो तपकिरी, फिल्टर कॉफीत दूध घातल्यासारखा. हेमक्कांच्या बाटलीतला पांढराफेक. दही विरजल्यासारखा तो सावकाश तळाला बसत गेला.

“प्राणवायू असेल तर मँगनीज तपकिरी होतं,” त्या इन्स्पेक्टरना म्हणाल्या. “नसेल तर पांढरंच राहतं. पाणी एकच, वेळ एकच. या बाटलीतला वायू पाण्यातला नाही साहेब. वरून धार धरली तेव्हा हवेतून आत गेलेला आहे.”

विद्याधर पायरीवर बसला. त्याचा चेहरा त्या दुसऱ्या बाटलीसारखाच झाला होता. आपण सांगितलेल्या पाच या आकड्यापायी संताजीला कितीजणांच्या लाथा बसल्या, हे त्याला तिथेच कळलं असावं. हेमक्कांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.

आचार आपल्या कलशाकडे बघत होते. “माझ्या मडीनं झालं म्हणता?”

“मडीनं नाही आचार. धारेनं.”

मग त्यांनी मरळ दाखवली, कासवं दाखवली. ही दोन्ही वर येऊन हवा घेणारी. विष असतं तर त्यांनाही सोडलं नसतं, ते काही नातं बघत नाही. जे पाण्यातल्या वायूवर जगत होते तेवढेच मेले. पाण्याचा श्वास संपला म्हणून मेले.

इन्स्पेक्टरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “सरी अक्का, विष नाही, मानलं. मग कागदावर काय लिहू? श्वास आपोआप संपतो काय? वरचे विचारतील, संपवला कुणी. ते कळेपर्यंत तो माणूस आरोपीच.”

“आणि साखळी?”

“साखळी आरोपीच्या पायात असते.”

ते निघून गेले. इस्पितळातून सकाळीच निरोप आला होता की संताजीला रक्ताची उलटी झाली आहे.

४

पाण्याचा श्वास कोण खातं? हेमक्कांनी जन्मभर हेच बघितलं होतं. पाण्यात सडण्यासारखं काही पडलं की डोळ्यांना न दिसणारे जंतू त्याच्यावर तुटून पडतात, आणि जेवताना प्राणवायू घेतात, जसा आपण जेवताना घोटघोट पाणी घेतो. जेवण जितकं रुचकर तितकी घाई. दिवसा शेवाळं थोडा वायू परत देतं. रात्री तेही घेणाऱ्यांतलंच. म्हणून पाणी गुदमरतं ते नेहमी पहाटे.

पण कुंडात गटार येत नव्हतं. कचरा दिसत नव्हता. आणि त्या करड्या कापसानं हेमक्कांची पाठ सोडली नव्हती. तो त्यांनी फार पूर्वी एकदाच बघितला होता, मंड्याकडे, एका साखर कारखान्याचं पाणी जिथे ओढ्याला मिळत होतं तिथे. तेव्हाही असाच आंबूस वास होता.

साखर. गोड काहीतरी. आणि कोठीच्या उंबऱ्यात मुंग्या.

त्या परत फिरल्या आणि आचारांना विचारलं, रामनवमीला तुलाभार किती झाले. नवस फेडायला माणसाला तराजूत बसवतात आणि त्याच्या भारंभार गूळ देवाला देतात. यंदा नवस फार होते. यशवंतपूरच्या बाजारातून पोतीच्या पोती आली होती, कोठी छतापर्यंत भरली होती, आचार कौतुकानं म्हणाले. आणि मग तो गूळ कुठे गेला? तो दरवर्षी अनाथ मुलांच्या वसतिगृहाला जातो. यंदा अप्पासाहेबांना तो एका मंत्र्यांच्या हातून वाटायचा होता, म्हणून जरा लांबलं होतं. पण गेला असणार, कारण कोठी रिकामी झाली, धुऊनही काढली.

“धुतली कधी?”

मासे मेले त्याच्या दोन दिवस आधी, आचार म्हणाले. दुपारी, देऊळ बंद असताना. संध्याकाळी ते आले तेव्हा ओलीच होती.

कोपऱ्यावरच्या दुकानातून हेमक्कांनी वसतिगृहात फोन लावला. तिथल्या बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या की यंदा गूळ आलाच नाही. मुलं रोज विचारतात.

कोठी कल्याणीला लागून. ओल भिंतीतून आत येते, पडून राहिलेल्या गुळाला पाणी सुटतं, मग तो आंबतो. आंबलेला गूळ मुलांना देता येत नाही. देवाला वाहिलेला, तेव्हा उकिरड्यावर टाकता येत नाही. आणि नवस फेडलेल्या साऱ्या घरांना, तुमचा गूळ मंत्र्यांची वाट बघत नासला, हे सांगता येत नाही. देवाचं निर्माल्य कुठे सोडतात हे कुणाही मराठी घरातलं पोर सांगेल. पाण्यात.

कोठीची किल्ली एकाच माणसाच्या जानव्याला असे. अप्पासाहेबांच्या. पण ते सत्तरीच्या पुढचे, काठीशिवाय चार पायऱ्या न उतरणारे. गुळाची पोती त्यांच्यानं हलली नसती.

मग उचलली कुणी? हेमक्का फोनचा रिसीव्हर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि दुकानदारानं दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. उत्तर आलं होतं, आणि ते त्यांना नको होतं.

५

संताजी खाटेवर होता त्याहून लहान दिसत होता. जबडा सुजलेला, एक डोळा मिटलेला. पायाशी शिपाई डुलक्या घेत होता. कौशल्या त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होती.

पोलिसांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, विष कुठलं टाकलंस. त्यानं एकच उत्तर दिलं होतं, नाही टाकलं. हेमक्का स्टुलावर बसल्या आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

“संताजी, मासे मेले त्याच्या आधी पाण्यात काय काय सोडलंस?”

त्यानं आठवून आठवून सांगितलं. शब्द ओठांच्या कोपऱ्यातून येत होते. चुरमुरे, रोजचे. हार, निर्माल्य. आणि देवाचा गूळ.

कौशल्याचा हात थांबला.

“अप्पासाहेब म्हणाले, सगळा सोड,” संताजी म्हणाला. “दुपारभर सोडत होतो. विरघळला पण लगेच.” तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. “बरं झालं अक्का. जायच्या आधी गोड खाऊन गेले बिचारे.”

हेमक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. काच स्वच्छच होती. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या. मागोमाग कौशल्या आली. तिला निम्मं कळलं होतं आणि उरलेलं निम्मं हेमक्कांनी तिला तिथेच, भिंतीला टेकून, हलक्या आवाजात सांगितलं. कौशल्या ऐकत होती आणि मान हलवत होती, जणू भाजीवाली भाव सांगत होती.

६

अप्पासाहेब झोपाळ्यावर बसले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, समोर चांदीचं फुलपात्र. हेमक्कांनी दोन बाटल्यांपासून वसतिगृहापर्यंत सगळं मांडलं. अप्पासाहेब नाकारतील असं त्यांना वाटलं होतं. ते नाकारत नव्हते.

“पहिल्या सकाळी वास आला तेव्हाच माझ्या मनात आलं,” अखेर ते म्हणाले. “बोलणारच होतो मी. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात विद्याधर वर आला आणि म्हणाला, प्राणवायू भरपूर आहे, हे विष आहे. अय्यो, काय सुटल्यासारखं वाटलं मला. शास्त्रच म्हणतंय की मी नाही.”

“आणि संताजीला मारत होते तेव्हा?”

“तेव्हाही शास्त्र तेच म्हणत होतं.”

“आज नाही म्हणत.”

त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. मग त्यांनी एक तोड सुचवली, आणि हेमक्कांना मान्य करावं लागलं की ती वाईट नव्हती. उन्हाळ्यानं पाणी तापलं, प्राणवायू कमी झाला, मासे मेले, असं हेमक्कांनी लिहून द्यायचं. तापलेलं पाणी वायू कमी धरतं, हे खरंच आहे. देवस्थान तक्रार मागे घेईल. आज संध्याकाळपर्यंत साखळी निघेल. “आणि त्या माणसाला कधीच कळणार नाही, की ते त्याच्याच हातानं झालं. तुम्ही त्याला ते सांगणार आहात काय हेमावतीबाई? या स्थितीत?”

उभ्या आयुष्यात हेमक्कांनी न मोजलेला आकडा लिहिला नव्हता. पण खऱ्या आकड्याची किंमत संताजीसारखा माणूस चुकवणार असेल, तर लिहायचं ते कुणासाठी? उन्हाळा, एवढाच तर शब्द होता.

“मला विचारा,” दारातून आवाज आला.

कौशल्या होती. तिला रिक्षातच बसून राहायला सांगितलं होतं. ती बसली नव्हती. चप्पल बाहेर काढून ती आत आली, पण अप्पासाहेबांच्या पाया पडली नाही. बहुधा त्या घरात पहिल्यांदाच.

“उन्हाळा लिहिलात तर मारणारे म्हणतील, सुटला लेकाचा. पोरं आहेत ती, म्हातारी होईपर्यंत म्हणत राहतील. उन्हाळा नको. हात त्याचे होते म्हणून लिहा. त्या हातांना कुणी सांगितलं, तेपण लिहा.”

“आणि त्याला कळलं म्हणजे?” हेमक्कांनी विचारलं.

“मी सांगीन. ते तुमचं काम नाही अक्का.” मग ती अप्पासाहेबांकडे वळली. “तुम्ही सांगितलंत म्हणून त्यानं केलं. इतकी वर्षं तसंच केलं. आता एकदा मी सांगते, तुम्ही करा. रिक्षा बाहेर उभी आहे.”

झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. अप्पासाहेबांनी काठी चाचपली. ती त्यांच्या हाताशीच होती, पण सापडायला वेळ लागला. उठताना त्यांनी हेमक्कांकडे बघितलं, आधारासाठी हात पुढे केला, आणि मग कोण जाणे काय वाटून तो मागे घेतला.

जबाब लिहायला इन्स्पेक्टरांना दुपार लागली. हेमक्कांनी खाली आपलं मोजमाप जोडलं, दोन्ही बाटल्यांचं. विद्याधर न बोलावता आला होता. त्यानं आपला आकडा चुकीचा होता असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. मारणाऱ्यांची नावं कौशल्यानं दिली. न चुकता, न अडखळता, सगळी.

संध्याकाळी शिपायानं साखळी सोडवली आणि गुंडाळून खिशात घातली. कौशल्या आत गेली, स्टूल खाटेजवळ ओढून घेतलं आणि वाकून संताजीच्या कानाशी बोलू लागली. हेमक्का व्हरांड्यातच थांबल्या. जाळीतून दिसत होतं; ऐकू येत नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. कौशल्या बराच वेळ बोलली. संताजी छताकडे बघत ऐकत होता. एकदाच त्यानं काहीतरी विचारलं, आणि तिनं मान डोलावली.

तो ओरडला नाही, रडला नाही. फक्त चादरीवर पसरलेले आपले दोन्ही हात त्यानं सावकाश ओढून चादरीखाली घेतले.

कौशल्यानं चादर जराशी उचलली, आत चाचपून एक हात शोधून बाहेर काढला, आपल्या मांडीवर ठेवला. आणि दुसऱ्यासाठी पुन्हा आत हात घातला.